न रंगवलेली जागा

त्यांच्या घराच्या खिडक्यांना पडदे नव्हते. पडद्यांच्या जागी माणसे होती. म्हणजे माणसांच्या छात्या, गुडघे, मनगटे, क्वचित एखादी कवटी. जुन्या एक्स-रे फिल्म त्यांनी काचांना आतून चिकटवून ठेवल्या होत्या. दौंडला रेल्वेलाइनच्या अंगाला त्यांचे घर होते आणि वरच्या दोन खोल्यांत मी भाडेकरू म्हणून राहत असे. संध्याकाळी यार्डात इंजिन वळू लागले, की त्याचा झोत खालच्या खिडक्यांतून आत शिरे. मग कोणा अनोळखी माणसाच्या बरगड्या जिन्याच्या भिंतीवरून सावकाश सरकत वर येत, माझ्या दारापाशी क्षणभर थांबत आणि पुन्हा खाली जात. पुढे मला त्याची सवय झाली, असे लिहावेसे वाटते. पण ते खरे नाही. मी भिंतीकडे न पाहता जिना उतरायला शिकले, इतकेच.

आता ते घर विकले गेले आहे. गेल्या उन्हाळ्यात माझे घरमालक, म्हणजे सर, गेले. मी आयुष्यभर महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवले, पेपर तपासले, अहवाल लिहिले. माणूस कधी लिहिला नाही. त्यामुळे त्यांच्याबद्दल लिहिताना हात थोडा कचरतो. जे दिसले आणि ऐकले तेवढेच लिहिते.

दौंडच्या एका शाळेत चित्रकला शिकवून ते निवृत्त झाले होते. उंच, किंचित वाकलेले, आणि आवाज असा हळू की भाजीवाली त्यांना दोनदा विचारी. स्टेशनाबाहेरचे रिक्षावाले त्यांचे जुने विद्यार्थी. "जय भीम, सर," असे चार दिशांनी येई आणि सर प्रत्येक दिशेला थांबून हात जोडत, त्यामुळे स्टेशन ओलांडायला त्यांना एखाद्या मंत्र्याइतका वेळ लागे. ते सर्वांना 'तुम्ही' म्हणत. मला 'बाई' म्हणत. अंगणात येणाऱ्या कुत्रीलासुद्धा "तुम्ही आज उशीर केलात," असे म्हणताना मी त्यांना ऐकले आहे.

रिकाम्या खोलीत शिरण्याआधी ते दारावर टकटक करीत. प्रथम मला वाटले, आत कोणी पाहुणे असतील. मग एकदा दार उघडेच होते, आत कोणी नव्हते, आणि तरी त्यांनी टकटक करून अंमळ वाट पाहिली. मी पाहते आहे हे लक्षात आल्यावर ते ओशाळवाणे हसले. "आत इतकी जणं आहेत, बाई. न विचारता कसं जायचं?"

फिल्म ते भंगारवाल्याकडून आणत. फिल्ममधली चांदी काढून घेणारे व्यापारी त्या वजनावर विकत घेतात. त्यांच्या पोत्यात जाण्याआधी सर उकिडवे बसून एकेक फिल्म उन्हाला धरून पाहत. फिल्मच्या कोपऱ्यात रुग्णाचे नाव असे. घरी आल्यावर ते नाव ब्लेडने खरवडून काढायचे हा त्यांचा नेम होता. परंतु खरवडण्यापूर्वी ते नाव एकदा मोठ्याने वाचत. "सुटलात," असे म्हणत, आणि मग ब्लेड चालवत. दुपारच्या शांततेत खालून अशी नावे वर ऐकू येत. हजेरी घेतल्यासारखी. उत्तर मात्र कोणाचेच येत नसे.

या फिल्मवर ते दुखावलेल्या माणसांकडून चित्रे काढून घेत. दर गुरुवारी एसटीने शिरूरला जात. जुनी माणसे आजही त्या गावाला घोडनदीच म्हणतात. तिथल्या एका संस्थेच्या दवाखान्याच्या माडीवर एक मोठा हॉल होता, रस्त्याच्या बाजूला काचाच काचा असलेला. त्या काचांवर फिल्म चिकटवायच्या, बाहेरचा उजेड आरपार येऊ द्यायचा, आणि पोस्टर रंगात डिंक व थोडे साबणाचे पाणी घालून त्या हाडांवर रंगवायचे. डिंकाशिवाय रंग फिल्मला धरत नाही. हे मिश्रण ते घरीच करीत आणि ताकाच्या बरणीत नेत.

"साधा कागद का देत नाही?" मी एकदा विचारले.

"कोऱ्या कागदावर माणूस एकटा पडतो, बाई. आधीच घाबरलेला असतो, त्यात तो पांढरा रंग. इथं आधीपासून कोणीतरी आहे."

हे सगळे कसे सुरू झाले, असे विचारले तर ते दर वेळी निराळे कारण सांगत. एकदा म्हणाले, शाळेत ड्रॉइंगचे कागद संपले होते. एकदा म्हणाले, पत्नीच्या आजारपणात घरात फिल्मचा ढीग साठला. एकदा म्हणाले, ग्रहण पाहायला फिल्म डोळ्यांपुढे धरली आणि सूर्याऐवजी माणूसच दिसला. यांपैकी एकही खोटे असेल असे मला वाटत नाही.

निवृत्तीनंतर मीही गुरुवारी त्यांच्याबरोबर जाऊ लागले. चौफुला, न्हावरे, मग शिरूर. सर शेवटच्या बाकावर बसत आणि फिल्मची सुटकेस मांडीवर आडवी धरत. एक कंडक्टर त्यांना नेहमी छेडत असे. "काय सर, आज किती जणांचं तिकीट फाडू?"

"माझं एकट्याचं. पंच्याहत्तरीपुढच्यांना फुकट आहे ना? बाकीचे त्याच्याही पुढचे आहेत."

सगळी गाडी हसे. खिडकीशेजारची एखादी बाई मात्र सुटकेसकडे बघून मांडीवरच्या लेकराला जवळ ओढून घेई.

वर्गात त्यांचे नियम थोडे आणि कडक होते. चित्राला छान म्हणायचे नाही. हे काय काढले असे विचारायचे नाही. दुसऱ्याच्या चित्राला हात लावायचा नाही. माझ्या पहिल्याच गुरुवारी एका आजोबांच्या चित्रासमोर मी "किती सुंदर!" असे म्हणून गेले. सरांनी मला जिन्यात नेले. त्यांचा आवाज नेहमीसारखाच हळू होता.

"सुंदर म्हणालात, आता पुढच्या गुरुवारपासून ते सुंदरच काढतील. मग खरं कुठं ठेवतील?"

कारेगावात खोली घेऊन राहणारा एक बिहारी कामगार वर्गाला येई. कुठल्याशा कारखान्यात प्रेसखाली त्याच्या उजव्या हाताची तीन बोटे गेली होती. सरांनी त्याला एका अनोळखी माणसाच्या पंजाची फिल्म दिली. तो बराच वेळ आपला उरलेला हात त्या पंजाशेजारी धरून बसला.

"सर जी, ये उँगलियाँ किसकी हैं?"

"पता नहीं. अभी आपकी हैं," सर आपल्या मराठी वळणाच्या हिंदीत म्हणाले.

त्याने फक्त ती तीन बोटे रंगवली. शेंदरी. बाकीचा पंजा काळाच राहू दिला. पुढच्या आठवड्यात तो आला आणि काही न रंगवता त्याच काचेसमोर डबा उघडून जेवला. आता तो डाव्या हाताने जेवतो आहे हे सरांनी मला घरी आल्यावर सांगितले. त्याआधी म्हणे तो चारचौघांत जेवतच नव्हता.

मंदा या वर्गात कशी आली, हे सांगायचे तर उसाबद्दल सांगावे लागेल. शिरूरच्या नदीकाठाने ऊस वाढला तसा त्यात बिबट्या येऊन राहिला. तो आता डोंगरातला पाहुणा नाही. तिथेच जन्मलेला, तिथलाच आहे. काही वस्त्यांवर बायका गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून शेतात जातात. बिबट्या मान धरतो, म्हणून खिळ्यांची टोके बाहेर. असे पट्टे पूर्वी धनगरांच्या कुत्र्यांच्या गळ्यात असत. मंदाची सासू, मंदाला वर्गात घेऊन येणारी, पहिल्याच दिवशी मला म्हणाली, "कुत्र्याचा पट्टा आमच्या गळ्यात आला बघा, म्याडम. आन् कुत्री बांधल्याली घरात."

मंदा आणि तिची थोरली जाऊ दिवस मावळताना उसाच्या कडेला गुरांसाठी घास कापत होत्या. दोघींत हातभराचे अंतर. मंदाने कापलेल्या घासाची पेंढी बांधायला मान खाली घातली, आणि वर पाहिले तेव्हा शेजारी विळा होता, जाऊ नव्हती. आवाजही झाला नव्हता. जाऊ दुसऱ्या दिवशी सापडली.

तेव्हापासून मंदा गरजेपुरतेच बोले. दुपारी चारनंतर घराचा उंबरा ओलांडत नसे. आणि गळ्यातला पट्टा काढत नसे. घरात नाही, जेवताना नाही, झोपतानाही नाही. मानेला जखमा झाल्या होत्या, त्यांवर सासू हळद लावी. औषधे चालू होती. डॉक्टरांनी पट्टा काढायचे सांगितले, नवऱ्याने एकदा जबरदस्ती करून पाहिली, तेव्हा ती दोन दिवस कॉटखाली बसून राहिली.

सरांनी पट्ट्याचा विषयच काढला नाही. त्यांनी तिला एका छातीची फिल्म दिली आणि स्वतः दुसऱ्या काचेकडे तोंड करून बसले.

ती बरगड्यांवर ऊस काढू लागली. बरगडीच्या प्रत्येक पांढऱ्या रेघेवर हिरवा, मग गडद हिरवा, मग जवळजवळ काळा. गुरुवारमागून गुरुवार ती तीच फिल्म रंगवत होती. ऊस दाट होत गेला. हॉलमध्ये शिरले की माझी नजर प्रथम त्या काचेकडे जाई, कारण मागून रस्त्यावरची वाहने गेली की त्या उसात हालचाल होई. फक्त खालच्या डाव्या बाजूला, मूठभर जागा तिने रंगवली नव्हती. तिथून बाहेरचा उजेड जसाच्या तसा आत येई. ती तिथपर्यंत कुंचला नेई, थांबे, आणि मागे घेई.

एका गुरुवारी ती काचेच्या फार जवळ गेली होती. पट्ट्याचा खिळा ओल्या रंगाला लागला आणि उसातून एक लांब ओरखडा गेला. तिने तो पाहिला. कुंचला खाली ठेवला. दोन्ही हात मानेमागे नेले, बक्कल सोडले, पट्टा खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला आणि ओरखडा भरू लागली. सासू जिन्यात तंबाखू मळत होती, तिला दिसलेच नाही. सरांनी मान वळवली नाही. पण त्यांच्या हातातला कुंचला थांबला होता. जाताना तिने पट्टा पुन्हा घातला. पुढच्या गुरुवारी मात्र तो आल्याबरोबर कट्ट्यावर गेला.

याच सुमारास मला एक काम सोपवण्यात आले. संस्थेचे अध्यक्ष, ज्यांना सगळे 'आबा' म्हणत, मोठे ऊस बागायतदार होते, सहकारातले वजनदार गृहस्थ, मनाने वाईट नव्हेत. रांजणगावच्या बाजूच्या काही कारखान्यांकडून संस्थेला सामाजिक कामासाठी निधी मिळे. यंदा त्या निधीतून एकच गोष्ट होणार होती. एक तर सरांचा वर्ग आठवड्यातून दोन दिवस करून त्यांना एक सहायक द्यायचा आणि बायकांना ने-आण करायला गाडी ठेवायची. नाही तर उसाकडेच्या वस्त्यांवर सौरदिवे लावायचे. दिव्यांचे ठरले तर वर्गाला मिळत होते तेही बंद होणार होते. मी मानसशास्त्राची, म्हणून चित्रांनी खरोखर काही होते का, याबद्दल अभिप्राय मी लिहायचा.

"मास्तर, मला एकच सांगा," आबा सरांना म्हणाले होते, "चित्रं काढून बिबट्या जातो का?"

"नाही जात."

"दिव्यानं जातो."

"दिव्यानं शेजारच्या वस्तीवर जातो, आबा."

आबा हसले. "तुमी वकील व्हायला पायजे व्हता."

सरांना निधी हवा होता, फार हवा होता. स्वतःसाठी त्यांनी कधी काही मागितल्याचे मी पाहिले नाही. या वर्गासाठी मात्र ते आबांच्या ओट्यावर जाऊन तासन्‌तास बसून येत. "मला दुसरा दिवस पाहिजे, बाई," ते एसटीत म्हणत. "गुरुवारी आपण माणूस उघडतो आणि पुढच्या गुरुवारपर्यंत तो तसाच उघडा राहतो. हे बरोबर नाही. सर्जन असं करेल का?"

मी अभिप्राय लिहायला बसे आणि अडखळे. औषधे चालू होतीच, काळही जात होता. पट्टा कशामुळे सुटला हे कोणत्या आधारावर म्हणायचे? हे शास्त्र फार हळू चालते आणि समित्यांना फार लवकर उत्तर हवे असते. दिवा मोजता येतो. कट्ट्यावर काढून ठेवलेला पट्टा कोणत्या रकान्यात लिहायचा? तरीही मी वर्गाच्या बाजूने मसुदा तयार केला होता. जपून लिहिलेला, पण बाजूने.

आणि मग मंदाच्या सासूने ती फिल्म नीट पाहिली.

"अगं बया," ती काचेपाशी जाऊन म्हणाली, "ह्यो तर आपला व्हॉल्वचा खड्डा! ही वाकल्याली बरगडी न्हाई, ह्यो लाइटीचा खांब हाय, मागल्या वादळात वाकल्याला. आन् ही मोकळी जागा... तिथं त्यो बसतोय! पोरीनं बघितलंय त्याला!"

मंदा कुंचला धुऊ लागली. सरांनी सासूला चहाला खाली नेले. पण संध्याकाळपर्यंत ही गोष्ट वस्तीवर पोहोचली आणि सकाळपर्यंत आबांकडे. आबांनी वनखात्याच्या माणसांना गळ घातली आणि पिंजरा पाइपलाइनच्या त्या खड्ड्यापाशी नेऊन ठेवला. तिसऱ्या दिवशी त्यात बिबट्या सापडला.

पुढच्या गुरुवारी आम्ही एसटीतून उतरलो तेव्हा दवाखान्याच्या जिन्यावर बायका बसल्या होत्या. तळापासून वरपर्यंत, प्रत्येक पायरीवर. सगळ्यांच्या गळ्यात पट्टे. सर पुढे गेले तशा त्या न उठता बाजूला सरकल्या आणि खिळ्यांना खिळे घासल्याचा आवाज वरपर्यंत गेला. हॉलचे दार उघडे होते. मंदाच्या फिल्मला झेंडूचा हार घातला होता. खाली फोडलेला नारळ. आणि त्या अनोळखी माणसाच्या छातीवर, मधोमध, कोणीतरी हळद-कुंकू लावले होते.

सरांनी उघड्या दारावर टकटक केली.

"सर, आमच्या वस्तीवरचं काढून द्या," एक म्हातारी म्हणाली. "कंच्या अंगानं येतोय तेवढं."

"आजी, चित्रातून ते कळत नाही."

"हिला कळलं की!"

काही बायकांनी तर सरांची वाटही पाहिली नव्हती. सरांची सुटकेस मागच्या गुरुवारी हॉलच्या कपाटात राहिली होती. त्यांनी त्यातल्या फिल्म काढून काचांवर लावल्या होत्या आणि आपापल्या वस्त्या काढल्या होत्या. मणक्यांवर पायवाटा, कवटीत विहीर. एक तरुण बाई उत्साहाने पुढे आली. तिच्या गळ्यात काही नव्हते.

"माझ्या चित्रात आमच्या घराकडं मोकळी जागाच न्हाई ऱ्हायली, सर. समदी बाजू भरल्याली. म्हंजी सुटले मी! आज पट्टा घरीच ठिवून आले. आता सांजच्याला खुशाल घास कापीन."

मी सरांकडे पाहिले. इतक्या वर्षांत त्यांचा चेहरा असा झालेला मी पाहिला नव्हता. समोर, त्यांच्याच काचेवर, त्यांच्याच रंगात, या बाईचे मरण काढलेले होते, आणि ती ते हसत दाखवत होती.

तेवढ्यात आबा आले. दोन कार्यकर्ते, हातात पेढे. "मास्तर, जिंकलात! मी म्हणत व्हतो चित्रानं काय हुतंय. आता दोन दिवस न्हाई, तीन दिवस वर्ग. गाडी देतो. सहायक घ्या, बोर्ड लावू मोठा. फक्त दर आठवड्याला वस्तीवार चित्र काढून घ्यायची आन् वनखात्याकडं धाडायची. बाई, तुमचा कागूद तयार हाय न्हवं? सही करतो हितंच."

"आबा, त्या खड्ड्यात पाणी साठतं. जनावर पाण्याला येतं. एवढंच झालंय."

"आसंल. पण लोकांचा इस्वास बसलाय. निधी कशावर उभा ऱ्हातो मास्तर? इस्वासावर. घ्या पदरात पाडून. मनातनं तुमी तुमची चित्रं काढा, कोण इचारतंय?"

ते बोलले त्यात तथ्य होते, हेच त्यातले भयंकर होते. सरांना हवे होते ते सगळे समोर होते. कारेगावचा कामगार कोपऱ्यात उभा होता. मंदा आपल्या फिल्मसमोर उभी होती, पट्टा कट्ट्यावर. सरांनी एक प्रश्न तिला विचारला असता, की ही जागा कशाची, तर कदाचित सगळे मिटले असते. ते विचारतील असे मला वाटले. त्यांनी विचारले नाही.

मंदानेच हार काढला. मग पदराने कुंकू पुसू लागली. ते फिल्मवर पसरले.

"मी बिबट्या काढलाच न्हाई," ती म्हणाली. तिचा आवाज इतका कोरडा होता की प्रथम तो कोणाचा हे कळले नाही. "मला त्यो दिसलाच न्हाई कवा. तिथं अक्का हाय. आमची थोरली जाऊ. तिथंच बसली व्हती घास कापत. तिला रंगवायला गेले की ती... म्हणून ती जागा तशीच ठिवलीया. तिला बसू द्या."

मागून एक ट्रक गेला आणि उसातून एक लहर सरकली. मला वाटले, झाले, सुटलो. त्या पट्टा न घातलेल्या बाईला आता कळेल.

म्हातारीने हात जोडले. "म्हंजी थोरलीनंच दावलं गं बाई. मेल्याली जाऊ जागा दावतीया."

ते शब्द हॉलमधून जिन्यावर गेले, जिन्यावरून खाली. पायरीपायरीने डोकी टेकलेली मी पाहिली. ती तरुण बाई मंदाच्या पाया पडायला वाकली. "मग आमच्याकडचं बी तिलाच इचार की, ताई."

सर माझ्याकडे वळले. "बाई, तुमचा अभिप्राय फाडा. दुसरा लिहा. या वर्गाचा काही उपयोग नाही, असं लिहा."

"सर, पण मंदाताईंचा पट्टा..."

"लिहा, बाई. आत्ता. यांच्यासमोर वाचून दाखवा."

"आवो मास्तर, डोकं फिरलं काय?" आबा म्हणाले. "हातात आल्यालं सोडताय?"

"दिवे लावा, आबा. प्रत्येक वस्तीवर लावा. दिव्यासमोर कोणी नारळ फोडत नाही."

मी लिहिले. भरलेल्या हॉलमध्ये बोलण्याची मला आयुष्यात सवय नाही. वर्गात शिकवतानाही मी शेवटच्या बाकाच्या वरच्या भिंतीकडे पाहत असे. त्या दिवशी मी माझ्या समोरच्या बायकांकडे पाहून वाचले: या वर्गातील चित्रांचा बिबट्याशी काहीही संबंध नाही, त्यांवरून बिबट्या कुठे आहे वा नाही हे कळत नाही, ज्या कारणासाठी निधी वाढवून मिळत आहे त्या कारणासाठी हा वर्ग पूर्णपणे निरुपयोगी आहे. माझी पदवी आणि नाव वाचले. सरांनी आपली सुटकेस बंद केली आणि त्या तरुण बाईला म्हणाले, "तुम्ही घरी गेल्याबरोबर पट्टा घाला. माझी शपथ आहे तुम्हाला." ती हिरमुसून "बरं" म्हणाली. ती गेली तेव्हा काही बायका सरांकडे अशा पाहत होत्या की जणू त्यांनी एखादे देऊळ पाडले.

वर्ग बंद झाला. दिवे लागले. समितीच्या दृष्टीने तो विषय तिथे मिटला.

माझ्या दृष्टीने मिटला नाही, म्हणून हे लिहिते आहे. अशा वर्गांना अधिक निधी मिळाला पाहिजे, असे माझे आज मत आहे. ते मी त्या कागदावर लिहू शकले नाही, कारण त्या हॉलमध्ये ते वाक्य कोणाच्या तरी जिवावर बेतले असते. जे काम हळू चालते, ज्याचा परिणाम खिडकीच्या कट्ट्यावर निमूट पडून असतो, त्याला चमत्कार करून दाखवल्याशिवाय पैसे मिळत नाहीत. आणि चमत्कार केला, की ते काम उरत नाही. दिवे चुकीचे होते असे मी म्हणत नाही. दोन्हींतले एकच निवडायला लावणारा प्रश्न चुकीचा होता, एवढेच म्हणते.

पुढच्या गुरुवारी सर सुटकेस घेऊन खाली उभे.

"आज कुठे, सर?"

"एसटी आहे ना साडेबाराची."

"वर्ग तर बंद झाला."

"हॉल बंद झाला," ते म्हणाले. त्यानंतर ते दर गुरुवारी जात राहिले, कधी कारेगावला त्या कामगाराच्या खोलीवर, बहुतेकदा मंदाच्या वस्तीवर. मला त्यांनी बोलावले नाही. शेवटी हिवाळ्यात एकदा मीच विचारले आणि त्यांच्याबरोबर गेले.

पोहोचायला उशीर झाला होता. चार केव्हाच वाजून गेले होते, दिवस कलला होता, आणि मंदा बाहेर होती. अंगणात, सौरदिव्याच्या खांबाला तिने जुन्या खिडकीची काचेची चौकट टेकवून ठेवली होती आणि तिच्यावर फिल्म लावली होती. दिवा लागला तसा ऊस उजळला. चित्रातला. खरा ऊस त्याच्यामागे, अंगण संपते तिथून सुरू होत होता, आणि त्यात काहीच दिसत नव्हते. तिच्या मानेवर जखमांचे फिकट वण होते. पट्टा कुठे दिसला नाही.

जमिनीवर एक लांब गोणपाट अंथरले होते. एका टोकाला मंदा बसली होती, कुंचला हातात धरून. सर दुसऱ्या टोकाला जाऊन बसले आणि उसाकडे तोंड करून रंगाच्या बरणीचे झाकण उघडू लागले. मध्ये ऐसपैस जागा होती, म्हणून मी चपला काढून तिथे टेकायला गेले.

"तिथं नका बसू, म्याडम," दारातून सासू म्हणाली. अगदी सहज, चुलीवर दूध आहे म्हणावे तशी. "ह्या अंगाला या."

मी पदर सावरून उठले आणि वळसा घालून कडेला आले. सर माझ्यासाठी थोडे सरकले. मंदाही तिकडे थोडी सरकली. मधली जागा मात्र होती तेवढीच राहिली.